शब्दचर्चा : गाय ‘उलटली’ म्हणजे नेमकं काय?

सदाशिव पेठेतली भाषांतरकार : पशुपालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. शिरूरजवळच्या गोठ्यावर ऐकलं, “भरवली होती, पण उलटली.” मी आपली उलटीवरचे उपाय शोधत बसले! शिवाय ‘ईस्ट्रस’ला ‘कामोत्तेजना’ लिहिलंय, तेही खटकतंय.

मंचरकर : ताई, कामोत्तेजना आधी खोडा. गाय माजावर येते. उलटली म्हणजे भरवूनही गाभ राहिला नाही आणि साधारण २१ दिवसांनी पुन्हा माज दाखवला. ‘भरवली’ म्हणजे रेतन झालं, एवढंच. ‘गाभण’ तपासणीनंतरच म्हणायचं. बाजारात या दोन शब्दांचा घोळ झाला की भांडण ठरलेलं.

भाषांतरकार : पण २१च का?

हडपसरचे निवृत्त पशुवैद्य : माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटतं. त्या जागी अंडाशयावर पीतपिंड तयार होतो. ‘कॉर्पस ल्युटियम’चा हा शब्दशः अनुवाद, पण चपखल, गाईत तो खरंच पिवळट-नारिंगी दिसतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) सोडतो, तोवर माज येत नाही. १६-१७ दिवसांपर्यंत गर्भाची चाहूल लागली नाही, तर गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड जिरवतं, आणि गाय उलटते. गर्भ असेल तर तो त्याच सुमारास इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन स्रवतो, प्रोस्टाग्लँडिनला आवर घालतो आणि पीतपिंड टिकतो. एक मात्र पत्रकात ठळक लिहा : माज दिसला नाही म्हणजे गाभण, असं नव्हे. मुका माजही असतो, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा, म्हशींत तर विशेष.

कोथरूडचे एक शब्दवेडे : ‘माज’ मद् कुळातला, माणूस ‘माजतो’ तोच. गंमत बघा, ‘ईस्ट्रस’चं ग्रीक मूळ म्हणजे गोमाशी! तिकडे माशी चावून गुरं पिसाटली, इकडे मद चढला. ‘गाभण’ गर्भिणीवरून आला, पण बाईला चुकूनही म्हणू नका. ‘संप्रेरक’ही सुरेख आहे : १९०५मध्ये स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ रूढ केला, तोही ‘चेतवणे’ अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून.

मंचरकर : संप्रेरक ठेवा, पण शेजारी हार्मोनही लिहा. गोठ्यावर ‘हार्मोनचं इंजेक्शन’च म्हणतात. आणि बळस विसरू नका, माजात लोंबणारा काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव. तुम्ही काय लिहिलंय त्याला?

भाषांतरकार : ‘योनिमार्गातील श्लेष्मल उत्सर्जन’. खोडलं, दादा.