कबड्डीचे तीन दिवस आमचा मंडप कुठं न्यायचा होता?

कोरडवाहू_कास्तकार
राम राम राजेहो. मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी राज्यस्तरीय कबड्डी झाली. गावाचं नाव घेत नाही, घेतलं की वाद भलतीकडंच जाते. तहसीलसमोर कडुनिंबाखाली आमचं धरणं सुरू होतं, अकरावा दिवस. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये अन् आमच्या मार्केटात बोली चार हजाराच्या वर चढेना, एवढीच भानगड. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोन शिपाई आले. म्हणे तीन दिवस मंडप काढा, मंत्री येऊन राह्यले, रस्ता मोकळा पाहिजे. कागद मागतला तं म्हणे तोंडी आदेश आहे. आमी काढला. सतरंज्या गुंडाळल्या, बांबू पानठेल्यामागं ठेवले.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले एक बुढे बाबा रीतसर तिकीट काढून सामना पाह्यले गेले. काखेत खताची चुंगडी, म्हणजे रिकामं पोतं, उसवून पसरट केलेली, अन् तिच्या उलट्या बाजूनं निळीनं लिहिलेलं : "५३२८ कुठं आहे?" गेटवर विचारलं, हे काय? बाबा म्हणे, "बुडाखाली टाकाले आणली बापू, पायऱ्या गार लागते." चुंगडी घेतली काढून. बाबा आत बसले, गार पायरीवर.

माझं म्हणणं साधं आहे. रस्ता आमचा, मैदान नगरपंचायतीचं म्हणजे तेही आमचंच. खेळ तीन दिवसांचा पाहुणा. पाहुणा आला म्हणून घरच्यानं तोंड बंद ठेवायचं काहून?

मॅट_नंबर_दोन
भाऊ, ती चुंगडी मीच घेतली. आयोजनात होतो. आता माझी बाजू ऐका.

त्या रस्त्यानं दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले तर एकाला मागं घ्यावं लागते, हे तुम्हाला माहीत आहे. मॅट घेऊन ट्रक तिथूनच येणार, मुलींच्या संघांच्या बसा तिथूनच, अन् एखाद्या रेडरचा गुडघा गेला तर रुग्णवाहिकाही तिथूनच. तुमचा मंडप अर्ध्या रस्त्यात होता. शिपाई तोंडी बोलले हे चूकच, पण मंडप हलवायला सांगणं चूक नव्हतं.

चुंगडीचं म्हणाल, तर एकाला सोडलं की दुसरा येते. २०१८ च्या एप्रिलमध्ये चेन्नईत काय झालं? कावेरीच्या पाण्याचा राग खरा होता, कोणी नाही म्हणत नाही. पण आयपीएलच्या सामन्यात मैदानावर जोडे पडले अन् चेन्नईचे उरलेले घरचे सामने पुण्याला गेले. पाणी मिळालं का त्यानं? आमच्याकडून स्पर्धा गेली तर पुन्हा दहा वर्षं कोणी देणार नाही. मग तोटा कोणाला? आमच्याच पोरांना.

झाडीपट्टीचा
मी अर्जुनी मोरगावकडचा. आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग. १९७२ पासून. त्यांच्यातला एक माझ्या वर्गात होता, हिवाळ्यात त्याचे आईबाबा स्वेटर विकायला गाव सोडून जात.

२००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकची मशाल दिल्लीत आली, १७ एप्रिलला. राजपथ असा बंद केला की दिल्लीकरांनाच मशाल दिसली नाही, धाव छाटून अडीच किलोमीटरच्या आत आणली. फुटबॉलपटू बायचुंग भुतियानं तर तिबेटींच्या बाजूनं मशाल धरायलाच नकार दिला होता. त्याच दिवशी तिबेटींनी राजघाटापासून जंतरमंतरपर्यंत स्वतःची वेगळी मशाल नेली. शांततेत. आभाळ कोसळलं नाही.

आणि खुद्द बीजिंगात काय केलं बघा. निदर्शनासाठी तीन बागा नेमून दिल्या. परवानगीचे ७७ अर्ज आले, मंजूर एकही नाही. सत्तरी उलटलेल्या दोन बायांनी घर पाडल्याची तक्रार मांडायला परत परत अर्ज केले, तर त्यांनाच श्रमछावणीची वर्षभराची शिक्षा सुनावली. पुढं ती मागं घेतली, पण अर्ज करणाऱ्याला काय कळायचं ते कळलंच. म्हणून "परवानगी घ्या, जागा देतो" हे ऐकलं की मी आधी विचारतो, आजवर किती जणांना दिली?

निवृत्त_पीटी_सर
बीजिंगची तुलना आपल्या तालुक्याशी? जरा अति होते.

मी ३१ वर्षं मैदान आखलं. चुन्याची रेघ ओढली की आत फक्त खेळ, हे पोरांना शिकवलं. आज हमीभाव आत येईल, उद्या जात येईल, परवा पक्षाचा झेंडा. दरवाजा कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी नाही, हे गेटवरच्या विशीतल्या स्वयंसेवकानं ठरवायचं का? त्यापेक्षा सगळ्यांनाच नाही म्हणणं बरं.

आणि बोलायला जागा नाही असं नाही. २०१६ च्या दुष्काळात लोक न्यायालयात गेले, मैदानाला पाणी कशाला म्हणून. उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले. त्याला चुंगडी लागली नव्हती.

कोरडवाहू_कास्तकार
सर, तुमचा मान ठेवून बोलतो. रेघेच्या आत फक्त खेळ म्हणता, मंग उद्घाटनाचं भाषण पाऊण तास चाललं ते काय होतं, चढाई? मैदानाच्या चारी बाजूनं वाढदिवसाचे फ्लेक्स, एकेक वीस फुटाचा. मॅटच्या मागं कीटकनाशकाच्या कंपनीचा बोर्ड. त्याच कंपनीचं औषध आमी उधारीवर आणतो. म्हणजे औषध विकणारा आत, फवारणारा बाहेर.

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जोहान्सबर्गला ३६ बायांना स्टेडियमबाहेर काढलं होतं. गुन्हा काय? सगळ्या केशरी झग्यात आल्या, अन् तो झगा म्हणे प्रायोजक नसलेल्या बिअरची जाहिरात. दोघींना तं अटकही झाली होती. सुरक्षा-बिरक्षा काही नाही, पैसे देणाऱ्याची जागा राखायची होती.

कोर्टात जा म्हणता. वकिलाची फी सोयाबीनमध्ये घेते काय कोणी?

कोर्टाच्या_पायरीवर
फी सोयाबीनमध्ये घेतलेली आहे, दोन कट्टे, विकताना तोटाच झाला. 😀

कायद्याचं थोडक्यात. शांतपणे, बिनाशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधन घालता येतं हेही तिथंच आहे. रस्त्यावरच्या सभांबद्दल अहमदाबादचा हिंमतलाल शहा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला होता, सत्तरच्या दशकातला. सार : वेळ, जागा, गर्दी याचं नियमन करा, पण निकष न सांगता मनाला येईल तसं "नाही" म्हणू नका. आपल्याकडं जमावबंदी निघते ती महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली, आणि ग्रामीण भागात ती जिल्हादंडाधिकारी काढतात. शिपायाच्या तोंडून नाही.

म्हणून मंडप पन्नास फूट सरकवा हे माझ्या मते चाललं असतं. तीन दिवस गायब व्हा हे नाही. मैदानाच्या आत तिकिटाच्या अटी लागू होतात, तिथं कास्तकारभाऊंची बाजू जरा लंगडी आहे. पण मग अट तिकिटावर छापा.

बोनस_लाइन
मी त्या स्पर्धेत खेळले. माझ्याही घरी तीन एकर सोयाबीन आहे, बाबानं अजून विकलं नाही.

खरं सांगते, मंडप तिथंच राहिला असता तर आमची बस आत आली नसती, सामान घेऊन चालावं लागलं असतं. म्हणून ते हलवलं त्याचा मला राग नाही. पण चढाईत तीस सेकंद असतात. माझ्या चढाईच्या मधोमध भोंग्यावर "अमुक साहेबांचं आगमन झालं आहे, टाळ्यांनी स्वागत करा" सुरू झालं, पंचाची शिट्टीच ऐकू आली नाही. मी बाद झाले. चुंगडीवरचं तर मला दिसलंही नसतं, आणि दिसलं असतं तर वाचून पुढच्या चढाईला गेले असते.

निवृत्त_पीटी_सर
भोंग्याबद्दल मान्य. ते मी तिथंच बोललो होतो, कोणी ऐकलं नाही.

कोरडवाहू_कास्तकार
पाहा सर, आता तुम्हीही आमच्यातच.

मॅट_नंबर_दोन
भोंगा माझ्याकडं नव्हता. तिकिटावर अट छापायचं पुढच्या बैठकीत मांडतो, मंडपाची जागा आधी लेखी ठरवायचंही. चुंगडी आत सोडायला मी अजूनही तयार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

आणि बाबांना म्हणा, त्यांची चुंगडी कार्यालयात स्कोअरबोर्डच्या मागं ठेवली आहे. कोणी तरी तिच्यावर पाण्याची कॅन ठेवली होती, शेवटचा आठ पुसला गेला.

कोरडवाहू_कास्तकार
म्हणजे आता ५३२ मागतो असं दिसते. राहू द्या, सोमवारी मीच येतो घ्यायले. नीळ घेऊन येतो.