वडिलांची डिसॅबिलिटी ३० टक्क्यांवरून वाढवून घेता येते का?

कोरेगावकर: नमस्कार मंडळी, वडील मराठा लाईट इन्फंट्रीतून २०१२ ला मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आले, गुडघ्याची ३० टक्के डिसॅबिलिटी पेन्शनसाठी तेव्हाच मंजूर झालेली. आता गुडघा पार गेलाय, जिना चढवत नाही, रात्रभर ठणकतो. गावातले म्हणतात पुन्हा मेडिकल बोर्ड लावा (म्हणजे लष्करी डॉक्टरांकडून तपासणी), ४० टक्के तरी होतील. अर्ज कुठे करायचा? आणि आता शुगरपण निघालीय, तीपण दाखवायची का?

सुभेदार (निवृत्त): बाळा, आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) काढून बघ, ३० चं राऊंडिंग करून ५० लिहिलंय का. राऊंडिंगमध्ये ५० च्या खालचं सगळं ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५ आणि त्याच्या वर १००. म्हणजे ३० चे ४० झाले तरी हातात काहीच वाढत नाही, पोरं हे न बघताच पळापळ करतात. शेवटचा पगार ४०,००० धरला तर १०० टक्के डिसॅबिलिटीला पगाराचे ३० टक्के म्हणजे १२,०००, ७५ ला ९,०००, ५० ला ६,०००, महागाई वेगळी. वाढ हवी तर बोर्डाने ५० तरी द्यायला पाहिजेत.

कोरेगावकर: काका पीपीओवर नुसते ३० च आहेत!! राऊंडिंगचं नावच नाही

फौजीची बायको: मग भाऊ बोर्ड राहू दे, आधी राऊंडिंग मागा. २०१४ च्या राम अवतार निकालात सुप्रीम कोर्टाने मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते दिलंय. आमच्या ह्यांना अर्जावर नकार आला होता, मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला (फौजेतल्यांच्या तक्रारींचं कोर्ट) गेलो तेव्हा मिळालं. हक्काचे पैसे आहेत, सोडू नका.

सुभेदार (निवृत्त): ताई बरोबर बोलतायत. अर्ज रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला करा, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहायला मदत करतील, पोच जपून ठेवा. बोर्डाचं म्हणशील तर परमनंट डिसॅबिलिटी २००१ च्या आदेशाने आयुष्यभर तशीच राहते, आपण स्वतः मागितलं तरच फेरतपासणी होते, आणि त्यात टक्के कमीसुद्धा होऊ शकतात, २० च्या खाली तर डिसॅबिलिटी पेन्शनच बसत नाही. म्हणून आधी ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हाडांच्या डॉक्टरला दाखवा, नवीन एक्सरे काढा, २०१२ च्या बोर्डाचे कागद त्यांच्यासमोर ठेवून विचारा की ५० किंवा त्याच्या वर जाईल का. ते हो म्हणाले तरच अर्ज टाका. शुगर घरी आल्यावर निघाली असेल तर यात घालू नका, बोर्ड मंजूर झालेला गुडघाच बघणार.