सुट्टीचा वार आणि डोंगराची वाट : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

पावसाने चार दिवस झोडपून उघडीप दिली की हवा धुऊन निघते. मग आपल्याकडच्या उंच गच्च्यांवरून डोंगरांची अख्खी रांग दिसते. मलंगगड, चंदेरी, माथेरानचं सपाट पठार, त्यापलीकडे प्रबळगड, आणि अगदी दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. आठवडाभर खिडकीतून जे बघतो, तिथे सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष जाणारे आपल्यात बरेच आहेत. हे आवतण त्यांना. कुठे जाता, सुट्टी कशी जमवता, काय चढलात, कुठला फोटो मनासारखा मिळाला, सगळं लिहा. वाट, गाव, गाडी नेमकी सांगा, म्हणजे नव्याने जाणाऱ्याच्या कामी येईल.

सुरुवात मी करतो. माझा डोंगर माहुली. आसनगावला उतरून रिक्षाने पायथ्याचं माहुली गाव. गड तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि शुल्क. पुढे सोंडेवरून घाम काढणारी चढण आणि शेवटी लोखंडी शिडी. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीसाठीची शेवटची झुंज देत होते, ती याच गडावरून. गडावर गेलात की भंडारगडाच्या, म्हणजे माहुलीच्याच एका भागाच्या, टोकापर्यंत जाच. नवरा-नवरीचे सुळके आणि वजीर तिथून समोर येतात. त्यांचा फोटो मी एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, प्रत्येक ऋतूत काढतो. श्रावणात अर्धा सुळका ढगात असतो, ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं, आणि एप्रिलमध्ये गवत जळून गेलं की लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. नवनवे गड पालथे घालणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण डोंगर ओळखीचा व्हायचा असेल तर त्याच्याकडे परत परत जावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

वागळे इस्टेटमधून

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. नातेवाइकांची लग्नं, मुलांच्या शाळेचे कार्यक्रम, सगळं रविवारी, त्यामुळे घरचे कुरकुरतात. पण डोंगरासाठी शुक्रवारसारखा वार नाही! कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्यांवर रविवारी रांग लागते. पायऱ्या कातळात कोरलेल्या, कठडा नाही, एका बाजूला सरळ दरी, आणि त्यावर चढणारे-उतरणारे समोरासमोर. शुक्रवारी त्याच पायऱ्यांवर निवांत बसता येतं.

पनवेलहून एसटीने किंवा रिक्षाने ठाकूरवाडी, तिथून प्रबळमाची, मग खिंड. माचीवर घराघरांत जेवणाची सोय होते, आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. माथ्याच्या अलीकडे शेवटचा कातळटप्पा आहे, तिथे दोराचा आधार घ्यावा लागतो. पाऊस पडत असेल तर तो टप्पा सोडून द्या.

फोटोवाल्यांसाठी एक गोष्ट. कलावंतिणीवर उभं राहून कलावंतीण दिसत नाही. तो त्रिकोणी सुळका हवा असेल तर शेजारच्या प्रबळगडाच्या पठारावर चढून उत्तर टोकाला या. दोन्ही एका दिवसात होतात, पण पहाटेच निघायला हवं.

नेरुळहून

मी परिचारिका आहे. आमची सुट्टी फिरती, कधी मंगळवार, कधी गुरुवार. त्यामुळे ग्रुपचे ट्रेक जमत नाहीत. आम्ही तिघी मैत्रिणी मिळून जातो. सहा तासच हातात असतील तर खारघरची टेकडी, पूर्ण दिवस असेल तर कर्नाळा किंवा पेब.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. नाइट करून सरळ डोंगरावर जाऊ नका. झोप न झालेल्या माणसाचा पाय उतरताना हमखास चुकतो. आणि मार्चनंतर आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. कुणी चालता चालता असंबद्ध बोलायला लागलं किंवा चिडचिड करायला लागलं तर थट्टा करू नका. सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच खाली न्यायची सोय बघा. अपघात झालाच तर आपल्या राज्यात महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घालून घ्या.

इर्शाळगडाबद्दल कुणी लिहील की नाही माहीत नाही, म्हणून मीच लिहिते. इर्शाळवाडीत एका ठाकर आजीच्या ओसरीवर आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली होती. पैसे घेताना तिने पाण्याच्या बाटल्या स्वतः भरून दिल्या. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. त्या आजीचं काय झालं ते मला कधीच समजलं नाही. डोंगरातल्या वाड्यांमध्ये जेवता, झोपता, वाटाड्या घेता, तेव्हा पैशांची घासाघीस करू नका. ही माणसं वर्षभर त्या उतारावर राहतात, आपण दुपारी परत येतो.

कळव्याहून

ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या मित्रांना वाचून दाखवलं.

मी प्रस्तरारोहण करतो, म्हणून वजिराबद्दल. वांद्रे गावातून रात्री निघायचं, दाट रान आणि घसारा ओलांडून उजाडायच्या आत सुळक्याच्या बुंध्याशी. हा सुळका बघितल्यावर पहिल्यांदा पोटात गोळा येतो. चारी बाजूंनी ताशीव, आणि एका अंगाला दरी थेट खाली उतरलेली. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. कातळ घट्ट असतो तिथे बोटांना सुंदर खोबणी मिळतात, पण दोन थरांच्या मधे मुरमाड, सुटा दगड येतो. म्हणून प्रत्येक पकड आधी ठोकून, ओढून बघायची, मग वजन टाकायचं. जुन्या मेखा आणि बोल्ट दिसले तरी त्यांचंही तेच, पावसाने गंजलेले असतात. पुढे चढणाऱ्यासाठी डायनॅमिक दोर, कारण तो पडला तर दोर ताणला जाऊन झटका कमी बसतो. उतरायला स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा. हेल्मेट सगळ्यांना, खाली बसलेल्यांनाही.

लोक आघाडीच्या चढाईपटूला शाबासकी देतात. मी तरी बिले देणाऱ्याला, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणाऱ्याला, आधी देईन. मान वर करून तासन्‌तास उभा, ऊन डोळ्यांत, आणि दोरावरचं लक्ष क्षणभरही हलवायचं नाही. आमच्यात हे काम करणारा एक जण रिक्षा चालवतो. सुट्टी घेतली की त्या दिवसाची कमाई गेली, तरी तो येतो. तो खाली असेल तर मी कुठल्याही टप्प्याला हात घालतो.

फोटोचं म्हणाल तर सुळक्यावरचा माणूस चांगला फोटो काढू शकत नाही, त्याचे हात गुंतलेले असतात. आमचा एक मित्र समोरच्या धारेवर टेलिलेन्स घेऊन बसतो. कातळ काळा, म्हणून आम्ही मुद्दाम लाल-पिवळे टीशर्ट घालतो. फोटोत ठिपक्याएवढा रंग दिसतो आणि सुळका केवढा मोठा आहे ते कळतं.

खारघरहून

माझं वेड इंद्रवज्राचं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, खाली दरीत धुकं भरलेलं. दोन्ही जुळून आलं की धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. शेजारी उभ्या माणसाला त्याच्या सावलीभोवतीचं दिसतं, प्रत्येकाचं वेगळं. मला ते दिसलं तेव्हा कॅमेऱ्याची लेन्स आतून धुरकटली होती, फोनवर काढला. तो फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे.

पावसाळ्यात सॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. पिशवीतच हवेशी जुळू द्या. कड्याच्या टोकाशी झोपून बघा, उभं राहू नका, तिथे वारा खालून वर येतो.

ठाण्याहून, एक शिक्षिका

मुलांना दरवर्षी सिद्धगडाच्या पायथ्याशी नेते. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील तिथल्या रानात इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. स्मारकापाशी पाचवीतला मुलगा विचारतो, "बाई, ते इथे रात्री झोपायचे कुठे?" हा प्रश्न वर्गात येत नाही.

ऐरोलीहून

सगळ्यांचे अनुभव वाचून आईने विचारलं, मला कधी नेणार? वय 61, गुडघे बरे आहेत, पण शिडी आणि दरी नको. एका दिवसात जाऊन येण्यासारखं सुचवाल का?

वागळे इस्टेटमधून

लोहगड. ठाण्याहून सकाळच्या इंद्रायणीने लोणावळा, पुणे लोकलने पुढचंच स्टेशन मळवली. भाजे लेणी आवडत असतील तर चालत जा, नाहीतर गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत जाते. तिथून रुंद पायऱ्या आणि एकामागून एक चार दरवाजे, प्रत्येक दरवाजात बसायला सावली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब, अरुंद सोंडेवर, आईंना नेऊ नका, वरून बघितला तरी पुरे. रविवार टाळा. तुम्हाला शुक्रवारी रजा मिळत असेल तर मीही येतो, माझ्या आईलाही केव्हाचं जायचंय.