फवारणीआधी मुंग्या बघा

वांग्याच्या कुंडीत मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि मिलीबग (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दोन्ही आलेत, निंबोळी अर्क मारूनही पुन्हा येतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवरही दोन वर्षं हेच चाललं होतं. कारण मुंग्या. या दोन्ही किडी गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात आणि मित्रकिड्यांना, म्हणजे या किडी खाणाऱ्या किड्यांना, हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. मी कुंड्या पाणी भरलेल्या ताटलीत विटांच्या तुकड्यांवर ठेवल्या. पानं कठड्याला टेकू देत नाही. पाणी मात्र दोन दिवसांआड बदला, नाहीतर डास होतील.

अर्क ताजाच हवा. ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, थोडा साबण घालायचा, संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं. आठवड्याने पुन्हा.

आणि एक कळकळीची विनंती. मिलीबगमध्ये त्याच्यासारखाच पांढरा, पण मोठा, लांब मेणचट झुपके असलेला आणि भराभर चालणारा किडा दिसला तर चिरडू नका. ती बहुधा क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी असते, मिलीबगच खाते. द्राक्षबागांत हे भुंगेरे मुद्दाम सोडतात. मी अज्ञानाने कितीतरी मारल्या, अजून वाईट वाटतं. त्या दिसल्या की फवारणी थांबवाच.

वांग्याचा शेंडा मान टाकत असेल तर ते काम शेंडा आतून पोखरणाऱ्या वेगळ्या अळीचं. तिथे फवारा आत पोचत नाही. शेंडा खालून कापून नष्ट करा.

शेजारी जास्वंद आहे का? आमच्याकडे मिलीबग तिथूनच यायचा.