रविवारी रात्री दहानंतर पुण्यात जेवायचं कुठे? (स्टेशन ते कोथरूड)

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. पुण्यात येऊन सात महिने झाले. स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे आणि एक रविवार आड दुपारी दोन ते रात्री दहा ड्यूटी असते. राहते कोथरूडला, पीजी. खोलीत गॅस नाही. इंडक्शन ठेवू का विचारलं तर मालकीणबाई "बघू" म्हणाल्या, म्हणजे नाहीच.

अडचण अशी की मेस रविवारी संध्याकाळी बंद. दुपारी फीस्ट असते, पण पानं मांडायला एक वाजतो आणि मला सव्वाला निघावं लागतं. श्रीखंड उभ्याउभ्या संपवायचं आणि अ‍ॅक्टिव्हा काढायची. त्यानंतर रात्रीपर्यंत पोटात फक्त कँटीनचा चहा.

गेल्या खेपेला निघायलाच पावणेअकरा झाले. कर्वे रोडला एका हॉटेलात दिवे दिसले म्हणून गाडी लावली. आत अर्ध्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, एक पोऱ्या फिनाईलच्या पाण्यानं फरशी पुसत होता. गल्ल्यावरच्या काकांनी नोटा मोजताना मान वर न करता सांगितलं, "किचन बंद झालं." म्हटलं, दहीभात तरी? "ताई, गॅस बंद केला." दहीभाताला गॅस कशाला लागतो हे विचारायचं राहूनच गेलं. मग खोलीवर येऊन अ‍ॅपवरून मागवलं. हॉटेल उघडं दिसत होतं, पैसेही कापले गेले आणि चाळीस मिनिटांनी ऑर्डर रद्द. पार्ले-जी खाऊन झोपले.

तर, स्टेशन ते कोथरूड या वाटेवर रविवारी रात्री दहा ते साडेअकरा नक्की काय उघडं असतं? मुलीला एकटीनं निवांत बसून खाता यावं आणि दोनशेच्या आत भागावं. अंडी, चिकन सगळं चालतं.

दुसरं म्हणजे, पुढच्या ड्यूटीच्या रविवारी साताऱ्याहून दोन मैत्रिणी येतायत. त्यांना "पुण्याची नाइटलाइफ" बघायची आहे. मी सात महिन्यांत फक्त हॉस्पिटल आणि चांदणी चौकाचं ट्रॅफिक बघितलंय, त्यामुळे दाखवू काय?

पेठेतला_भुंगा

रविवारी रात्री पावणेअकराला जेवायला निघालात? पुण्यात? धाडस आहे. आमच्याकडे त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या दुधाची पिशवी दाराला लावून झालेली असते.

गंमत सोडा. हॉटेलला फोन करून "कितीपर्यंत उघडं असतं" असं कधीच विचारू नका. "लास्ट ऑर्डर किती वाजता" असं विचारा. अकरा सांगणाऱ्याचा तवा साडेदहाला थंड होतो, आणि रविवारी दिवसभर फॅमिली गर्दी झालेली असल्यानं त्याहीआधी. अ‍ॅपवरची वेळ मालकानं एकदा भरलेली असते, ती आचाऱ्याला माहीत नसते.

ससूनकडचा

वाटेत डेक्कनला गुडलक आहे. १९३५ पासूनचा इराणी. साडेदहाच्या आत पोचलात तर आम्लेट किंवा खिमा-पाव आणि चहा निवांत होतो, एकट्या मुलीकडे कुणी वळूनही बघत नाही. एफसी रोडला वैशालीही अकरापर्यंत असते, पण रविवारी रात्री तिथे नंबर लागतो. दहाला सुटून तिथे वाट बघत उभं राहणं म्हणजे भुकेला शिक्षा.

ड्यूटी लांबली तर मात्र डेक्कनच्या भानगडीत पडू नका, स्टेशनलाच खाऊन निघा. स्टेशन आणि स्वारगेट ही दोन ठिकाणं रविवार पाळत नाहीत, कारण गाड्या आणि एसट्या रात्रभर चालू असतात. भुर्जी-पावच्या गाड्या असतात, साधी थाळीची हॉटेलं असतात. स्वच्छता यथातथाच. गरम तव्यावरचं, समोर केलेलं खा. कापून ठेवलेला कांदा आणि आधी करून ठेवलेली चटणी टाळा. लॅबवाल्यांना मी काय सांगणार म्हणा!

आणि मैत्रिणींनी कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं मागितली तर शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारी कयानी बंद असते.

कलम_अठरा

थोडं कायद्याचं. नुसतं खाणं विकणाऱ्या हॉटेलानं अकराला शटर ओढलंच पाहिजे असं राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा स्पष्ट केलं की दारूशी संबंध नसलेली आस्थापना चोवीस तास चालू ठेवता येते. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी मिळाली पाहिजे. पण छोट्या हॉटेलवाल्याकडे दोन पाळ्यांचे आचारी नसतात, शिवाय बीटवरचा हवालदार साडेअकराला काठी आपटत जातो. कायदा चोवीस तास, आचारी बारा तास.

बालेवाडीकर

नाइटलाइफचं मी सांगतो. बालेवाडी हाय स्ट्रीट, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर हे तीन भाग. रविवारी शनिवारइतकी झुंबड नसते, बसायला जागा मिळते, हा फायदाच समजा. बार, पब रात्री दीडला बंद, आणि मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर दीड म्हणजे दीडच. वेळेचा हिशोब करून जा, नाहीतर मागवलेलं अर्धं टाकून उठावं लागतं.

वयाचं बघा. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतं. दारावर आधार मागतात. पिणाऱ्यांनी गाडी घरी ठेवावी, नाकाबंदी असते. रिक्षानं गेलात तर रात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा, हे लक्षात असू द्या, म्हणजे "अडीचशे द्या" म्हणणाऱ्याशी बोलता येतं.

पोळीभाजी

मी अकरा वर्षं मेस चालवली, कर्वेनगरला, म्हणून राहवत नाही. मुलींनो, रविवारी संध्याकाळी मेस बंद का असते ते बघा. पहाटे साडेचारला कणीक भिजते, रात्री दहाला शेवटचं पातेलं घासून होतं. आठवड्यात तेवढी एकच संध्याकाळ. माझ्या पोळ्यांच्या बाई त्या दिवशी नातवाला घेऊन सारसबागेत जायच्या. ती सुट्टी मी कधी मोडू दिली नाही.

पण रात्रपाळी, तू एक कर. तुमच्या मेसवाल्या काकूंना शनिवारीच सांगून ठेव की मला बसायला वेळ नाही, माझं फीस्टचं पान डब्यात भरून द्या. नाही म्हणणार नाहीत, ते पान तुझ्याच पैशाचं आहे. मसालेभात वेगळ्या डब्यात, गरम असताना झाकण लावायचं नाही, नाहीतर वाफेचं पाणी सुटून भात चिकट होतो. पुऱ्या घेऊ नकोस, रात्रीपर्यंत चामड्यासारख्या होतात. त्याऐवजी पोळ्या माग. बटाट्याची सुकी भाजी चालेल, रस्सा नको. श्रीखंड मात्र दुपारीच खा. आणि डबा पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाक, दहा तास बाहेर राहिलेला भात खायचा नाही. सॅम्पलच्या फ्रिजमध्ये नाही हं, कँटीनच्या!

नळस्टॉपवाला

काकूंना +१.

मैत्रिणींसाठी माझी भर: पबपेक्षा पहाटेचे पोहे दाखवा. नळ स्टॉपला पहाटे चारच्या सुमारास गाड्या लागतात. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, चहा. रात्रपाळीचे आयटीवाले, अभ्यासाला जागलेली पोरं, रिक्षावाले, सगळे एकाच कट्ट्यावर. पोह्यांवर शेव हवी तर आधी सांगायची. कधीकधी पोलीस उठवतात, तो नशिबाचा भाग. तुमच्या खोलीपासून जवळच आहे.

गाडी न्यायची नसेल तर मेट्रो रात्री अकरापर्यंत आहे. स्टेशनहून वनाजकडे जाणारी नळ स्टॉपवरूनच जाते.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा रविवार असा गेला:

काकूंनी (आमच्या मेसच्या) डबा दिला, वर "आधी का नाही सांगितलंस" म्हणून झापलं. साडेआठला ब्रेकमध्ये मसालेभात, बटाट्याची भाजी आणि तीन पोळ्या. कँटीनच्या मायक्रोवेव्हसाठी रांग होती, तरी पंधरा मिनिटांत जेवून परत टेबलावर. सात महिन्यांत पहिल्यांदा ड्यूटी संपताना डोकं दुखत नव्हतं.

मैत्रिणी गुडलकला थांबल्या होत्या. मी दहा पंचवीसला पोचले, बन-मस्का आणि चहा झाला. आम्ही उठलो तेव्हा मागच्या टेबलावर खुर्च्या चढायला लागल्या होत्या. पुढे बालेवाडीला गेलो. आवाज इतका की तिघी एकमेकींशी मोबाइलवर टाइप करून बोललो. एकीचं २५ व्हायला दोन महिने कमी, तिनं लेमन सोडा घेतला आणि बिल बघून म्हणाली की एवढ्यात साताऱ्यात घरातल्या सगळ्यांचं जेवण होतं. साडेबाराला बाहेर पडलो.

मग चारचा गजर लावून नळ स्टॉप. पोहे गरम होते, शेव आधी सांगितली होती. माझं मत विचाराल तर बालेवाडी एकदा बघायला ठीक, पोह्यांना पुन्हा जाईन.

एकच शंका उरली. भुंगादादा, परवा मी त्याच फिनाईलवाल्या हॉटेलला फोन करून "लास्ट ऑर्डर किती वाजता" असं विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही किती वाजता येताय?" याचा अर्थ काय घ्यायचा?

पेठेतला_भुंगा

अर्थ असा की तुम्ही जी वेळ सांगाल, त्याच्या दहा मिनिटं आधी.