टीक्यूएसएल कमांडने लॉग रोज आपोआप साइन करायचाय, क्रॉनमध्ये अडकतंय

खिडकीतला_डायपोल
नमस्कार मंडळी. माझ्या हॅम (हौशी) रेडिओला जोडलेल्या रास्पबेरी पायवर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर, डब्ल्यूएसजेटी-एक्स (डिजिटल संदेशांचं सॉफ्टवेअर) चालू असतं, बहुतेक एफटी८ (त्यातली एक पद्धत), रात्री ४० मीटरचा बँड आणि सुट्टीच्या दिवशी १५. लॉग (झालेल्या संपर्कांची नोंद) हाताने उघडून टीक्यूएसएलमध्ये (लॉगवर डिजिटल सही करणारा प्रोग्राम) टाकायचा, लोकेशन निवडायचं, साइन करायचं, अपलोड करायचं, याचा आता जाम कंटाळा आलाय. म्हणून रोज पहाटे एलओटीडब्ल्यूवर (अमेरिकन हॅम संघटना एआरआरएलची, दोघांचे लॉग जुळवून बघणारी साइट) आपलं आपण जावं असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावलं. मॉनिटर जोडून टर्मिनलमधून तीच ओळ टाकली की सगळं व्यवस्थित जातं, पण क्रॉनमधून काहीच होत नाही, एररही कुठे दिसत नाही. सहीसाठी लागणारं सर्टिफिकेट चालू आहे, तारखा बघितल्या. पासवर्ड ठेवलाय तो कमांडमध्येच दिलाय. आणि अजून एक, रोज तीच अख्खी एडीआय (लॉगची) फाइल पाठवली तर चालतं का, की काल झालेले तेवढेच क्यूएसओ (संपर्क) वेगळे काढावे लागतात?

डिटडा_डा
ओएम (दोस्त), क्रॉनला स्क्रीन नसते हे आधी बघा. टीक्यूएसएल मुळात खिडक्यांचं सॉफ्टवेअर आहे, माझ्याकडची आवृत्ती तरी बॅचमध्ये चालवली तरी डिस्प्ले मागते. एक्सव्हीएफबी नावाचं पॅकेज टाका आणि कमांडच्या आधी एक्सव्हीएफबी-रन लावा, खोटी स्क्रीन मिळते, काम होतं. दुसरं म्हणजे क्रॉन कुणाच्या नावाने चालतोय? रूटच्या (मशीनच्या मुख्य युजरच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, लावलं असेल तर तो रूटच्या घरातलं डॉट-टीक्यूएसएल फोल्डर शोधणार आणि तिथे तुमचं सर्टिफिकेटच नाही, मग साइन कशाने करणार.

कोकणकडा_पोर्टेबल
वरच्या दोन्ही गोष्टी बरोबर. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कमांड उच्चारात देतो, टाकताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

टीक्यूएसएल, मग डॅश एक्स म्हणजे बॅच, काम झालं की बंद. डॅश डी म्हणजे तारखांची खिडकी विचारू नको. डॅश यू म्हणजे फाइल सेव्ह न करता थेट अपलोड. डॅश ए आणि पुढे कंप्लायंट, हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे नियमात बसणारे तेवढे साइन कर, डुप्लिकेट आणि तारखेबाहेरचे सोड, मला विचारत बसू नको. हे नसेल तर तो प्रश्न विचारायला थांबतो आणि पहाटे उत्तर द्यायला कोण बसलंय! डॅश एल आणि पुढे स्टेशन लोकेशनचं नाव, नावात स्पेस असेल तर अवतरणात. शेवटी फाइलचा पूर्ण पाथ.

अख्खी फाइल रोज दिली तरी चालते. काय काय साइन करून गेलंय याची नोंद तो त्याच फोल्डरमधल्या अपलोड्स-डीबीमध्ये ठेवतो आणि नवीन तेवढंच पाठवतो. पण एसडी कार्ड उडालं की ती नोंदही गेली, मग पुढच्या वेळी वर्षानुवर्षांचा लॉग परत एलओटीडब्ल्यूच्या रांगेत. त्याहून वाईट म्हणजे तुमची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) फक्त तुमच्याच मशीनवर असते, एआरआरएलकडे तिची कॉपी नसते, ती गेली की नवीन सर्टिफिकेट मागवा. मेनूमधून टीबीके बॅकअप काढा आणि पायच्या बाहेर ठेवा, पेनड्राइव्हवर, कुठेही.

खिडकीतला_डायपोल
एक्सव्हीएफबीने सुटलं! क्रॉन माझ्याच युजरचा आहे, ते ठीक होतं. पण आता स्क्रिप्ट रोज सकाळी मेल पाठवते की फेल, कोड ९, मधेच एकदा ८ आला. साइटवर बघितलं तर क्यूएसओ पोचलेत. मग फेल काय झालं?

डिटडा_डा
काहीच नाही. ९ म्हणजे काही पाठवले, काही सोडले, अख्खी फाइल देताय म्हटल्यावर रोज ९ च येणार. ८ म्हणजे पाठवण्यासारखं एकही नव्हतं, त्या रात्री तुम्ही झोपलात एवढंच. शून्य म्हणजे सगळे गेले. स्क्रिप्टमध्ये ०, ८, ९ तिन्ही पास धरा. ११ आला तर नेट किंवा सर्व्हरशी कनेक्शन नाही, थोड्या वेळाने परत चालवायचं. २०२४ च्या मे महिन्यात एआरआरएलवर सायबर हल्ला झाला तेव्हा एलओटीडब्ल्यू थेट १ जुलैला परत आलं, तोवर लॉग नुसता साठवून ठेवायचा एवढंच हातात होतं. आणि एरर स्ट्रीम एका फाइलमध्ये वळवा, शेवटी फायनल स्टेटसची ओळ येते, ती वाचली की कळतं.

रातपाळीचा_हॅम
पासवर्ड क्रॉनटॅबमध्ये उघडा लिहिण्यापेक्षा काढूनच टाका ना. घरातला पाय, कोण येतंय तिथे.

कोकणकडा_पोर्टेबल
मला नाही पटत. त्या कीने केलेली सही म्हणजे तुमच्या कॉलसाइनची (हवेवरच्या ओळखीची) सही. निदान स्क्रिप्ट अशी ठेवा की फक्त तुमच्या युजरलाच वाचता येईल. (कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, हॅममध्ये हवेवर एन्क्रिप्शन चालत नाही हे खरं, पण इथे काही लपवलेलं नसतं, लॉग कुणीही वाचावा, फक्त तो तुम्हीच दिलाय आणि मधे कुणी बदलला नाही एवढं सिद्ध होतं. आणि हे हवेवर जातही नाही.)

माझी खरी तक्रार आपोआप साइन करण्यातल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. डॅश एलमध्ये एकच लोकेशन ठोकून ठेवलेलं असतं. समजा पुण्यात घर, म्हणजे ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा कोड) एमके६८, सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१ (जगाचे मोठे रेडिओ विभाग). शनिवारी रेडिओ घेऊन रत्नागिरीला गेलात, तिथे एमके६६. झोन तेच, देश तोच, पण क्रॉन बिचारा तो लॉगही पुण्याच्या नावाने साइन करून मोकळा. तुम्हाला फरक नाही पडणार, पण समोरचा सॅटेलाइटवर ग्रिड गोळा करत असेल तर त्याला तुमच्या सहीनिशी खोटा ग्रिड मिळाला. पोर्टेबलचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, वेगळं लोकेशन बनवा आणि तो हातानेच साइन करा. आधीच चुकीचा गेला असेल तर बरोबर लोकेशनने परत पाठवा, नंतरची माहिती धरली जाते. डब्ल्यूएसजेटी-एक्स लॉगमध्ये तुमचा ग्रिड लिहितो, टीक्यूएसएलच्या प्रेफरन्सेसमध्ये तो लोकेशनशी ताडून बघायची सोय आहे, ती चालू करा. अर्थात बाहेर गेल्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्समधला ग्रिड बदलायची आठवण पाहिजे!

रातपाळीचा_हॅम
एक राहिलं, एसएसबीचे (बोलून केलेले) क्यूएसओ वहीतून हाताने चढवत असाल तर यूटीसी (जागतिक वेळ) बघा. रात्री अडीचचा क्यूएसओ म्हणजे आदल्या तारखेचे २१:०० वाजले. वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला तर मॅच होत नाही आणि सही काय, ती चुकीच्या वेळेवरही तितकीच छान होते. टीक्यूएसएल तिथे काही बोलत नाही.

खिडकीतला_डायपोल
वहीतले बरेच आहेत, आणि आमचे सर वहीत आयएसटीच (भारतीय वेळ) लिहायला लावायचे. ते आधी वेगळ्या एडीआयमध्ये चढवतो, वेळ बदलून झाली की हातानेच साइन करतो, क्रॉनला फक्त एफटी८ ची फाइल. ७३ (शुभेच्छा).