विषय: लेबर डेला पुलमन

नमस्कार मंडळी,
लेबर डेच्या सुट्टीत आईबाबांना शिकागोतली पुलमन वस्ती दाखवायचा विचार आहे. नक्की काय बघावं? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं जमणार नाही.

---

ताई, जरूर जा. ही सुट्टी, म्हणजे अमेरिकेचा कामगार दिन, देशभर लागू झाली १८९४ मध्ये, आणि त्याच उन्हाळ्यात पुलमनच्या कामगारांचा संप पेटला होता.

जॉर्ज पुलमनचा कारखाना रेल्वेचे झोपायचे डबे बनवायचा. १८८० पासून त्याने कारखान्याला लागून कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची घरं, गॅस, नळ, बागा. त्या काळी मजुराला असं कुठे मिळत होतं! पण घर विकत मिळायचं नाही, सगळं भाड्याने. चर्चसुद्धा! त्या हिरव्या दगडाच्या चर्चचं भाडं कुणाला परवडेना, म्हणून नवीकोरी इमारत काही वर्षं रिकामी पडली होती. १८९३ च्या मंदीत पगार सरासरी पाव हिश्शाने कापले, घरभाडं मात्र जैसे थे. मालक तोच, घरमालकही तोच. माणसाने दाद मागायची कुणाकडे? ११ मे १८९४ ला कामगार बाहेर पडले. कामगार पुढारी युजीन डेब्जच्या रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांना हात लावणं बंद केलं, गाड्या ठप्प झाल्या, शेवटी केंद्राची फौज आली आणि संप मोडला. घरं विकण्याचा हुकूम कंपनीला इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाला, तो १८९८ मध्ये.

गाडी १११व्या रस्त्यालगत लावा. हॉटेल फ्लोरेन्सच्या आसपास साहेबलोकांची ऐसपैस घरं दिसतील. मग आतल्या एखाद्या गल्लीत हळूहळू चला, घरं कशी अरुंद होत जातात बघा. कोणाची पायरी कोणती हे तिथे विटांतच लिहिलंय. आईंना एवढं जमेल. घरांत आजही लोक राहतात, तेव्हा जरा बेताने. १९६० मध्ये हे सगळं पाडून कारखाने उभारायचा घाट होता. रहिवाशांनीच एकजुटीने तो हाणून पाडला. म्हणून तर २०१५ मध्ये ओबामांना स्मारक जाहीर करता आलं.

---

काका, पोर्टरांचं राहिलं! डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे कृष्णवर्णीय पोर्टर. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासोबत त्यांनी १९२५ मध्ये युनियन उभी केली आणि तब्बल बारा वर्षं झगडून, १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. त्यांचं संग्रहालय त्याच वस्तीत आहे. ताई, निघण्याआधी उघडं आहे का तेवढं बघून घ्या.